दृढकथन

दृढकथन म्हणजे देवाचे नाव न घेता, खरे बोलण्याची किंवा पदाची कर्तव्ये पाळण्याची कायद्याने मान्य केलेली ग्वाही. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत पदग्रहणाच्या मजकुरात दोन पर्याय दिले आहेत : ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. पुढचे सारे वाक्य एकच. दोहोंचे कायदेशीर वजनही सारखेच असते. दृढकथन करणारा नास्तिकच असला पाहिजे असे नाही आणि कारण सांगण्याचे बंधन कोणावर नाही.

शपथेमागची समजूत जुनी आहे : खोटे बोलणाऱ्याला माणसे पकडू शकली नाहीत तरी देव सोडणार नाही. मराठेशाहीत बेलभंडार म्हणजे देवाचे बेलपान व भंडारा उचलायला लावत, हातावर गंगोदक देत. पुरावा अगदीच तोकडा असेल तर दिव्य, म्हणजे देवाने निवाडा द्यावा म्हणून घेतलेली कसोटी, करवीत. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सोडून पाहायचे. हात भाजलेला निघाला की दावा खोटा. तेल कितपत तापले होते आणि हात किती राठ होता, यावर वतन कुणाकडे जायचे ते ठरू शकत असे.

कंपनी सरकारने १८४० च्या कायद्याने हिंदू व मुसलमान साक्षीदारांना गंगाजल आणि कुराण यांच्या शपथेतून मोकळे केले व त्या जागी दृढकथन आणले. त्या वाक्यातही ‘सर्वशक्तिमान ईश्वरासमक्ष’ हे शब्द होतेच. १८७३ च्या शपथ कायद्यात तर जुना प्रकार वेगळ्या वाटेने टिकला. ‘प्रतिपक्षाने अमुक पद्धतीची शपथ घेऊन सांगावे, मी ते मान्य करीन’ असे पक्षकार न्यायालयात म्हणू शकत असे. समोरच्याने तशी शपथ घेतली की त्याचे म्हणणे त्या मुद्द्यापुरता निर्णायक पुरावा ठरे. उलटतपासणी, कागदपत्रे, काही नाही. विधी आयोगाने १९६५ साली आपल्या अठ्ठाविसाव्या अहवालात या कायद्याचा आढावा घेतला आणि १९६९ च्या नव्या कायद्यात ही तरतूद उरली नाही.

दृढकथनाची मागणी मुळात नास्तिकांची नव्हती. इंग्लंडमधील क्वेकर पंथाचे लोक ‘शपथ वाहूच नका’ हे येशूचे वचन शब्दशः मानत, म्हणून शपथ नाकारत. १६९५ च्या कायद्याने त्यांना सवलत मिळाली, फौजदारी खटल्यातील साक्षीसाठी मात्र नाही. नास्तिकाला तेवढीही नव्हती. ज्याला देवाचे भय नाही त्याच्या वचनाला काय किंमत, असा विचार त्यामागे होता. सहिष्णुतेचा कैवारी असलेला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यानेही १६८९ साली नास्तिकांना याच कारणाने वगळले होते. या नियमातली खोच अशी, की तो फक्त प्रामाणिक नास्तिकाला अडवत असे. ‘माझा देवावर विश्वास नाही’ असे खरे सांगणाऱ्याची साक्ष बाद होई, आणि जो विश्वास नसताना बायबल हातात घेई त्याची साक्ष चाले. म्हणजे खोटे बोलण्याने पात्रता मिळत होती. चोरी ज्याच्या घरी झाली तोच नास्तिक असेल तर चोराचे फावे. इंग्लंडमध्ये हे १८६९ साली बदलले.

ब्रिटिश संसदेच्या दारात तोच वाद पुन्हा उभा राहिला. उघड नास्तिक असलेला चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दम्प्टनहून निवडून आला आणि त्याने दृढकथनाची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा तो शपथ घ्यायला तयार झाला. तर नास्तिकाची शपथ पोकळ म्हणून तीही घेऊ देईनात. त्याला एक रात्र संसदेच्या घड्याळ मनोऱ्यात कोंडले गेले. मतदारांनी त्याला पुनःपुन्हा निवडून दिले. १८८६ मध्ये तो आसनस्थ झाला आणि १८८८ च्या शपथ कायद्याने दृढकथनाचा हक्क सर्वांना मिळाला.

भारताच्या संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी सदस्य ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. पदाच्या शपथेत मात्र ईश्वराचा पर्याय राहिला. निवड व्यक्तीवर सोडली आहे, पण ती दोनांतूनच करायची. २००१ साली निवडून आलेल्या केरळच्या एका आमदाराने श्रीनारायण गुरूंच्या नावाने शपथ घेतली. ती संविधानाला धरून नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ठरवले. उलट १९८९ मध्ये देवीलाल यांनी ‘मंत्री’ या शब्दाऐवजी ‘उपपंतप्रधान’ म्हटले, ते सर्वोच्च न्यायालयाने चालवून घेतले, कारण तो निव्वळ वर्णनाचा शब्द मानला गेला.

व्यवहारात चुका होतात त्या बहुधा वेळेच्या. संसद व विधानसभेच्या उमेदवाराने अर्ज भरल्यानंतर आणि छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर शपथ किंवा दृढकथन करून सही करायची असते. छाननीच्या सकाळी धावत आलेल्याचा अर्ज बाद होतो. निवडून आल्यावर शपथेआधी सभागृहात बसल्यास किंवा मत दिल्यास दर दिवसाला ५०० रुपये दंड आहे. ही रक्कम संविधानातच लिहिलेली आहे.

न्यायालयात ग्रंथावर हात ठेवण्याची गरज नाही. ते दृश्य चित्रपटांनी रुजवले. १९६९ च्या कायद्यातील नमुन्यात कोणताही ग्रंथ नाही. साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून ‘दृढकथन करतो’ म्हटले की पुरे. दोन्ही नाकारले तर तो गुन्हा होतो. शपथ द्यायची राहिली किंवा तिच्या शब्दांत चूक झाली तरी साक्ष रद्द होत नाही. बारा वर्षांखालील मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल, पण खरे बोलले पाहिजे एवढे कळत असेल, तर शपथेशिवायच साक्ष नोंदवतात, आणि खरे बोलण्याचे बंधन त्याच्यावरही असतेच. तेव्हा शपथेने नेमकी कोणती भर पडते, हा प्रश्न कायद्यानेच उघडा ठेवला आहे.

प्रतिज्ञापत्रात तर ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ हे ईश्वराचे नाव नसलेले वाक्य भाविक माणूसही सही करताना सहज उच्चारतो. तिथे घोटाळा होतो तो निराळ्याच ठिकाणी : सही अधिकाऱ्यासमोर न होता घरून करून आणलेली असते, खाडाखोडीवर लघुस्वाक्षरी नसते, किंवा कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीचा व कोणता ऐकीव हे वेगळे केलेले नसते. न्यायालयीन कामात खोटी साक्ष दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र त्यासाठी फिर्याद न्यायालयाच्याच वतीने व्हावी लागते. ज्याच्याविरुद्ध खोटे बोलले गेले तो फक्त अर्ज करू शकतो, आणि चौकशी करणे न्यायहिताचे आहे असे न्यायालयाला वाटले तरच प्रकरण पुढे सरकते.