करातून आरोग्यसेवा की खाजगी विमा (ठाणे आणि नवी मुंबई)

आजारपणाचा खर्च कोणी उचलायचा, यावरचा हा जुना वाद आहे. एक बाजू म्हणते की सरकारने करातून दवाखाने चालवावेत, केसपेपर काढला की उपचार सुरू, बिलाचा विषयच नको आणि पेशंटचा पगार किती हे कोणी विचारू नये. दुसरी बाजू म्हणते ज्याने त्याने मेडिक्लेम काढावा, प्रीमियम भरावा, पसंतीचं हॉस्पिटल निवडावं, सरकारने फक्त नियम बघावेत. ठाण्यात हे दोन्ही खाडीच्या दोन बाजूंना दिसतं, म्हणजे इकडे घोडबंदर रोडला कॅशलेसचे काउंटर असलेली कॉर्पोरेट हॉस्पिटलं आणि पलीकडे कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जिथे मुंब्रा, दिवा, भिवंडी आणि पार शहापूरकडचे पेशंट येतात.

जगात दोन्ही वाटा जुन्याच आहेत. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ ला कामगारांसाठी सक्तीचा आजारपण विमा आला, त्यात मालक आणि कामगार दोघं पैसे भरायचे. ब्रिटनने ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्यसेवा, सुरू केली, तीही युद्धानंतरच्या कडकीत, आणि खर्च मुख्यतः करातून. अमेरिकेने बहुतेक भार खाजगी विम्यावर ठेवला, म्हातारे आणि गरीब यांच्यासाठी १९६५ ला मेडिकेअर आणि मेडिकेड आणलं. आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडता कामा नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना त्याच अहवालातली. केंद्रं आली, पण त्यांना लागणारा पैसा त्या प्रमाणात कधीच आला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरवलं होतं, २०२१-२२ ला तो १.८४ टक्के होता, आणि तेही कोविडचं वर्ष धरून.

विमा मात्र वाढत गेला. १९४८ च्या कायद्याने कामगारांसाठी ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आलं, १९८६ ला सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला, २००० पासून खाजगी कंपन्यांना दार उघडलं. पुढे सरकारनेच कराचा पैसा विम्यासारख्या योजनांत घालायला सुरुवात केली. राज्यात २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत आली. त्यामुळे आज वाद नुसता सरकारी की खाजगी असा राहिलेला नाही. कराचा पैसा हॉस्पिटल बांधायला, डॉक्टर-नर्स नेमायला वापरायचा की लोकांच्या हातात कार्ड देऊन खाजगी हॉस्पिटलला पॅकेजचे, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या दराचे, पैसे द्यायचे, खरा प्रश्न इथे आहे.

विम्याची बाजू, जवळून

विम्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. चांगली पॉलिसी असेल तर ऑपरेशनला थांबावं लागत नाही, हे लोकांनी स्वतः अनुभवलेलं असतं. अडचण बारीक अक्षरात असते. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि रूम रेंटची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. पेशंट रात्री अ‍ॅडमिट झाला, जनरल किंवा शेअरिंगमध्ये खाट नाही म्हणाले, म्हणून ८,००० ची रूम घेतली. घरच्यांना वाटतं की रोजचे वरचे ३,००० आपण भरू. तसं होत नाही. बऱ्याच पॉलिसींत सर्जन, ओटी, नर्सिंग असे खर्चही त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे १,६०,००० चे १,००,०००च मंजूर आणि ६०,००० खिशातून. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लावायची नाही असा नियम आहे, पण ग्लोव्ह्ज, मास्क वगैरे कन्झ्युमेबल्स वेगळे वजा होतातच. हे सगळं डिस्चार्जच्या दिवशी टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या एजन्सीच्या) कागदावर पहिल्यांदा कळतं, आणि तेव्हा भांडायची ताकद कोणाकडे असते.

दुसरं म्हणजे विम्याचं गणित निरोगी लोकांवर चालतं. शुगर, बीपी, आधीचा स्टेंट असेल तर लोडिंग, म्हणजे जादा प्रीमियम, लागतं, वेटिंग पिरियड लागतो, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा खर्च मिळत नाही, कधी पॉलिसी नाकारतातच. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ ला बऱ्याच सुधारणा केल्या, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त तीन वर्षं केला, ६५ च्या पुढे नवी पॉलिसी नाही ही अट गेली, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितलं. पण सत्तरीतल्या माणसाचा प्रीमियम किती असावा याचं उत्तर त्यात नाही. शिवाय फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना एकूण प्रीमियमच्या ३५ टक्क्यांपर्यंत पैसा कमिशन आणि व्यवस्थापनावर खर्च करायची नियमानेच मुभा आहे. शंभरातले पस्तीस रुपये उपचाराआधीच जाऊ शकतात, हा आकडा या वादात फार कमी वेळा निघतो.

ऐरोली, महापेच्या आयटी कंपन्यांत ग्रुप पॉलिसी असते, आईवडीलही त्यात बसतात, म्हणून तिथल्या लोकांना हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. नोकरी गेली किंवा रिटायर झालं की कव्हर संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षंही धरली जातात, पण एचआर हे आपणहून क्वचितच सांगतं, स्वतः विचारावं लागतं.

याच ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत, वागळेत, कामगारांसाठी ईएसआय आहे. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के, आणि अख्ख्या कुटुंबाला उपचार, ओपीडीसुद्धा. वय वाढलं म्हणून वर्गणी वाढत नाही, आजार आहे म्हणून कोणी नाकारत नाही. पण पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ ला २१,००० रुपये केली गेली, त्यामुळे ओव्हरटाइम न धरता, साध्या पगारवाढीने माणूस २१,५०० वर गेला की चालू सहामाही संपल्यावर बाहेर. पाचशे रुपये वाढले आणि घरादाराचं संरक्षण गेलं, आणि त्या पगारात चौघांचा मेडिक्लेम भरणार कोण?

सरकारी बाजू, तितकीच जवळून

करातून चालणाऱ्या दवाखान्यांची बाजू घेताना त्यांची अवस्था झाकून चालणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्या वेळी ठाण्याच्या सिव्हिल, म्हणजे राज्य सरकारच्या जिल्हा हॉस्पिटलची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी पाडायला घेतलेली होती आणि जिल्ह्याचा बराच भार कळव्यावर आला होता. सरकारने चौकशी समिती नेमली. या घटनेवरून सरकारी दवाखाने नकोच असं म्हणणारे बरेच भेटतात, मला त्यातून बरोबर उलटं दिसतं. एवढे अत्यवस्थ पेशंट तिथे आले कारण दुसरीकडे डिपॉझिट भरायला पैसे नव्हते किंवा खाजगीत पैसे संपल्यावर शेवटच्या घटकेला त्यांना तिकडे आणलं. अशा पेशंटला दारातून परत न पाठवणारी जागा शहरात एकच असेल तर ती मोडणारच.

रांगा श्रीमंत देशातही आहेत, एनएचएसच्या इंग्लंडमधल्या वेटिंग लिस्टवर ७० लाखांहून जास्त नोंदी आहेत. पण तिथे थांबलेल्या माणसाला घर गहाण टाकावं लागत नाही.

एक गोष्ट ठाणे आणि नवी मुंबईकरांनी नीट समजून घ्यायला हवी. राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत उपचार पूर्ण मोफत केले, पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता, म्हणजे सिव्हिल, उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं. आपल्याकडची मोठी रुग्णालयं महापालिकांची आहेत, कळवा ठाणे महापालिकेचं, वाशी, नेरुळ, ऐरोली नवी मुंबई महापालिकेची. तिथले दर पालिकाच ठरवते, डॉक्टर आणि नर्सच्या जागा भरणं पण पालिकेच्याच हातात. म्हणून या शहरांत हा वाद दिल्लीपेक्षा पालिकेच्या बजेटमध्ये जास्त ठरतो, आणि वॉर्डात मत मागायला येणाऱ्याला हे विचारायलाच हवं.

फुले योजना आता केशरी-पिवळ्या कार्डापुरती नाही, सगळ्या रेशनकार्डवाल्यांना घ्यायचा निर्णय २०२३ ला झाला, कव्हर दीड लाखांवरून ५ लाख झालं आणि उपचार तेव्हा ९९६ वरून १,३५६. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, केमो यात हजारो घरं यामुळे वाचली आहेत, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण योजना मुख्यतः अ‍ॅडमिट झाल्यावरच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या शुगर-बीपीच्या गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरची फी यात येत नाही आणि सामान्य घराचा पैसा वर्षभर तिथेच झिरपत राहतो. देशात एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ च्या ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ ला ३९.४ टक्क्यांवर आला, तरी तो खूपच आहे. शिवाय पालिकेच्या रुग्णालयात खाट आणि सर्जन नसतील तर कार्ड घेऊन खाजगीकडेच जायचं, आणि खाजगीने पॅकेज परवडत नाही म्हटलं की कार्ड खिशातच राहतं. म्हणून क्रम असा हवा की आधी पालिका आणि राज्याची रुग्णालयं पूर्ण भरलेल्या पदांसह, त्यावर योजना, आणि खाजगी विमा ज्याला वेगळी खोली हवी त्याच्यासाठी.

खाजगी दरांवर लगाम हा या वादाचा उरलेला भाग. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, इथे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदाच चालतो. त्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं आहे. धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा निधीही बाजूला काढावा लागतो. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन अ‍ॅडमिट होतानाच हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडे अर्ज द्यायचा, बिल झाल्यावर मागितलं तर बहुतेक वेळा खाटा भरल्याचं उत्तर मिळतं.