घरातल्या वस्तूंपासून प्रयोग आणि क्राफ्ट : मागची गोष्ट, आणि मध्ये आलेलं थर्माकोल

मे महिना जवळ आला की ठाण्याच्या घोडबंदर रोडपासून नवी मुंबईतल्या ऐरोलीपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर तीच जाहिरात फिरते, घरातल्या वस्तूंपासून धमाल विज्ञान, वय ५ ते १२, येताना कात्री आणि फेव्हिकॉल आणा. लिंबाचा सेल, पुठ्ठ्याचा पेरिस्कोप, बाटलीतलं वादळ हे काय असतं ते परत सांगत बसत नाही, सगळ्यांनी केलंय नाहीतर पोरांना करून तरी दिलंय. पण हा प्रकार आपल्या शाळांत कसा शिरला, शाळेतून स्टेशनरीच्या दुकानात कसा गेला आणि २०१८ ला त्यावर सरकारी कागद कसा येऊन आदळला, हे एका जागी फारसं कोणी सांगत नाही.

अगदी मागे जायचं तर दिवाळीतला मातीचा किल्ला, कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील, काडेपेटीचा फोन. तेव्हा याला कोणी शिक्षण म्हणत नव्हतं. हाताने काम करत शिकायचं हे शाळेच्या चौकटीत ठामपणे मांडलं गेलं ते १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत, नई तालीम म्हणून, आणि मग अनेक वर्षं तकली, सूत वगैरे. १९६४ ते ६६ च्या शिक्षण आयोगाने कार्यानुभव हा शब्द दिला, १९७७ ला आणखी एका समितीने त्याचं समाजोपयोगी उत्पादक कार्य असं लांबलचक नाव केलं, पण आपल्याकडे तोंडात कार्यानुभवच राहिलं. प्रत्यक्षात म्हणाल तर कागदी पाकिटं, फाईलचं कव्हर, खडू, क्रेपची फुलं. शनिवारचे शेवटचे दोन तास, आणि परीक्षा जवळ आली की तेही गणिताला जायचे.

विज्ञानाची वाट वेगळी. दुसऱ्या महायुद्धात युरोप-आशियातल्या कित्येक शाळांच्या प्रयोगशाळा गेल्या, तिथल्या शिक्षकांसाठी डबे, बाटल्या, तारा यावर भागवायचे प्रयोग सांगणारी एक छोटी पुस्तिका १९४८ ला निघाली, त्यातून १९५६ ला मोठा ग्रंथ झाला आणि तो जगभर गेला. म्हणजे टाकाऊ वस्तूंतून विज्ञान ही सुरुवातीला हौस नव्हती, नाइलाज होता. आपल्याकडे हा नाइलाज कायमचाच, त्यामुळे ते इथे रुजलं.

खरी उडी १९७२ ची. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान पाठांतर सोडून प्रयोगातून शिकवायला घेतलं, त्यात मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आणि दिल्लीतले प्राध्यापक जाऊन शिक्षकांबरोबर बसायचे. १९७८ ला ते अख्ख्या जिल्ह्यात गेलं आणि २००२ ला सरकारने बंद केलं, त्यावर भांडणं झाली ती वेगळी. पण त्याच ७८ च्या सुमाराला तिथे एक खेळ जन्माला आला जो आज ठाण्यातल्या कुठल्याही शिबिरात सापडेल, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची वॉलट्यूब, म्हणजे वॉलमधली बारीक रबरी नळी.

कसा ते सांगतो कारण पुढच्या मुद्द्याला लागेल. काडीचं गुल ब्लेडने खरवडून टाकायचं. वॉलट्यूबचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करायचे, दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली की लवचिक सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो आणि शंकरपाळ्याचा आकार घेतो, मग त्यात कर्णावर पाचवी काडी टाकली की परत घट्ट. ठाण्याच्या खाडीवरून ट्रेनने जाताना विजेच्या टॉवरमध्ये सगळीकडे त्रिकोणच का दिसतात हे पोराला वेगळं सांगावं लागत नाही. खर्च काही रुपये, आणि ट्यूब कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे.

आता गंमत अशी की हा सायकलवाला आणि ती ट्यूब दोन्ही कमी झाले. जुन्या काळ्या सायकलच्या वॉलमध्ये ती रबरी नळी लागायची, हल्लीच्या गिअरच्या सायकलला मोटारसायकलसारखा वॉल येतो त्यात ती नसतेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वीस सायकली उभ्या असतील पण वॉलट्यूब म्हटलं की पोरं तोंडाकडे बघतात. काड्याही कित्येक पेट्यांत मेणाच्या आल्या, त्या सांध्यात घालताना वाकतात. फोटोच्या रोलची काळी डबी, जिचा एकेकाळी पंप व्हायचा, ती डिजिटल कॅमेऱ्याबरोबर गेली. ऑडिओ कॅसेट गेली, मग सीडी आली, तिचा फुग्यावर तरंगणारा हॉवरक्राफ्ट झाला, आता सीडीही घरात नाही. वागळे इस्टेटच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे मोडक्या स्पीकरचं गोल लोहचुंबक सहज मिळायचं, १९६० च्या दशकात उभी राहिलेली ती इस्टेट, तिथले बरेच कारखाने गेले आणि आयटीच्या बिल्डिंगा आल्या, आता लोहचुंबक लागलं की ऑनलाइन मागवतात. घरातल्या वस्तू म्हणून जी यादी आपण पिढ्यानपिढ्या पुढे ढकलतो तिच्यातल्या निम्म्या वस्तू आजच्या घरात नसतातच. हळद, जास्वंद, तुरटी, मीठ, सोडा, हे स्वयंपाकघरातलं तेवढं टिकलं. हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो हे आजही तस्संच चालतं.

यानंतर २०१०. शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प, उपक्रम, प्रात्यक्षिक असे रकाने आले, हेतू चांगलाच होता, मुलाला फक्त पेपरवर मोजू नका. पण रकाना आला की तो भरावा लागतो, ५०-६० मुलांच्या वर्गात शिक्षिका तरी काय करणार, प्रकल्प आणा म्हटलं. आणि नोकरीला सीएसटीपर्यंत जाऊन रात्री आठला घरी येणाऱ्या आईबापांनी तो विकत आणला. राम मारुती रोड म्हणा, जांभळी नाका म्हणा, वाशी-नेरूळची सेक्टरमधली दुकानं म्हणा, जून ते डिसेंबर रेडीमेड प्रोजेक्ट लटकलेले असायचे. ज्वालामुखी, पवनचक्की, सौरमाला, शिवाजी महाराजांचा किल्लासुद्धा. आणि ते सगळं थर्माकोलचं.

थर्माकोल का, तर हलकं, स्वस्त, पांढरंशुभ्र, गरम तारेने लोण्यासारखं कापलं जातं, रंग बसतो. एकच खोड, साधा रबरी सोल्युशन गम लावला की विरघळतं, म्हणून फेव्हिकॉलच लागतो (हाच खरंतर त्यातला एकमेव प्रयोग होता आणि तोही चुकून व्हायचा).

मग २३ मार्च २०१८ ची राज्य सरकारची अधिसूचना. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या-ग्लास आणि सजावटीसाठी प्लास्टिक-थर्माकोल वापरणं, बंद. याची मुळं जुनी आहेत, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तुंबलेल्या नाल्यांचं खापर पातळ पिशव्यांवर फुटलं होतंच, त्यावर आधी निर्बंध आले, नीट पाळले गेले नाहीत. यावेळी दंड मोठा होता, पहिल्यांदा ५००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. साठा संपवायची मुदत संपली २३ जूनला. म्हणजे शाळा उघडून जेमतेम आठवडा, दुकानदाराने वर्षाचा माल भरून ठेवलेला आणि शाळेची प्रोजेक्टची यादी पालकांच्या हातात. तारीख ठरवताना शाळेचं कॅलेंडर कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही.

आणि गोंधळ कुठे, तर सजावट कशाला म्हणायचं इथे. मखर म्हणजे सजावट यात वाद नव्हता, गणपतीच्या मखरवाल्यांनी हायकोर्टात सूट मागितली ती जुलै २०१८ मध्ये नाकारलीच गेली. पण सातवीच्या पोराने केलेला हृदयाचा कट सेक्शन सजावट का? ते डिस्पोजेबल का? तसं पाहिलं तर दोन्ही नाही, आणि तसं पाहिलं तर प्रदर्शन संपल्यावर दुसऱ्या दिवशी ते कचऱ्यातच जातं म्हणजे ताटलीपेक्षा वेगळं काय. एका बाजूचं म्हणणं, शैक्षणिक साहित्य आहे, कायद्यात शाळेचं नाव नाही, मुलांना कशाला घाबरवता. दुसऱ्या बाजूचं, पर्यावरणाचा धडा शिकवता आणि प्रदूषणाचं मॉडेल थर्माकोलवर करून आणायला सांगता, लाज वाटू द्या थोडी. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यातलं पॅकिंग तर घरात येतच होतं, मग ते वापरलेलं चालेल का? ते तर खरं टाकाऊ. बऱ्याच शाळांनी वाद घालण्यापेक्षा सरळ नोटीस काढली, थर्माकोल आणू नये. दंडाची भीती हे मोठं कारण, नालेसफाईची काळजी त्यामानाने कमी.

माझं मत विचाराल तर बंदी योग्यच होती, फक्त तिने जे साधलं असं सांगितलं जातं ते साधलं नाही. मुलं पुठ्ठा-मातीकडे वळतील अशी आशा होती, थोडी वळलीही, कागदाच्या लगद्याचे ग्रह त्या वर्षी प्रदर्शनांत दिसले. पण दुकानाने वर्षभरात पर्याय शोधला, सनबोर्ड. बहुतेक सनबोर्ड म्हणजे फुगवलेला पीव्हीसी, तेही प्लास्टिकच, थर्माकोलपेक्षा महाग, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला साध्या कात्रीने नीट कापता येत नाही. म्हणजे आधी मुलगा निदान थर्माकोल कोरत तरी होता, आता कापायचं काम बाबा करतात नाहीतर दुकानदार करून देतो. कागदोपत्री कायदा पाळला गेला, मुलाचा हात मात्र कामापासून आणखी लांब गेला. याबद्दल बंदीचं कौतुक करणाऱ्या लेखांत एक ओळ नसते.

मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. दुकानंही बंद, त्यामुळे काही महिने खरोखरच घरात असेल त्यातून करा अशी वेळ आली, कॅमेऱ्यासमोर बसून शिकवणाऱ्या ताई सांगायच्या, एक वाटी, एक चमचा तेल, थोडी हळद घ्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासात विज्ञान घरात सर्वात जास्त झालं ते तेव्हा. लगेच मागून किट आली, कुरिअरने, महिन्याची वर्गणी, त्यात लाकडी पट्ट्या लेझरने कापलेल्या आणि दोरासुद्धा मोजून दिलेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना असावेत असं आहे, त्याचीही तयारी म्हणून अशीच किट शाळांना विकली जातात.

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली. सजावटीचं थर्माकोल त्यात परत आहेच, शिवाय स्ट्रॉ, फुग्याच्या आणि कँडीच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकच्या काडीचे इअरबड. ही यादी शिबिरवाल्यांनी वाचली तर सामानाची यादीच वाटेल. सनबोर्ड त्यात नाही. स्ट्रॉची पिपाणी सगळ्यात आधी गेली, टोक दाबून चपटं करायचं, दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं, फुंकायचं आणि दुसरीकडून कात्रीने तुकडे उडवत गेलं की आवाज चढत जातो, दोन मिनिटांत ध्वनीचा धडा. कागदी स्ट्रॉ तोंडातल्या ओलाव्याने लिबलिबीत होतो, सूर चढायच्या आत कापलेलं टोकच मिटतं. काही ताई पपईच्या पानाच्या पोकळ देठावर भागवतात, पण टॉवरमधल्या घरात पपई कुठून.

सध्या आवक आहे ती ऑनलाइन डिलिव्हरीच्या खोक्यांची. तो नालीदार पुठ्ठा नाळीच्या दिशेने सहज दुमडतो आणि आडवा ताठ राहतो, त्याचे पूल, मार्बल रन म्हणजे गोटी घरंगळत जायचे रस्ते, हात हलवणारी बाहुली असं बरंच काही मागच्या दोन-तीन वर्षांत सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये व्हायला लागलंय. अडचण एवढीच की तो कापायला कटर लागतो, आणि कटर म्हटलं की आयोजक आधी पालकांच्या सहीचा फॉर्म पुढे करतात.