लडलो

लडलो : इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील, वेल्सच्या सीमेलगतचे तटबंदीचे शहर. टीम नदीकाठच्या टेकडीवर अकराव्या शतकाच्या अखेरीस द लेसी या नॉर्मन घराण्याने सरहद्दीवर वचक ठेवण्यासाठी किल्ला बांधला. आतले वर्तुळाकार प्रार्थनामंदिर बाराव्या शतकातले असून इंग्लंडमध्ये अशी वास्तू दुर्मीळच.

किल्ल्याच्या दाराशी जे शहर वसले ते मात्र आखून वसवलेले होते. दारापासून पूर्वेकडे ऐसपैस बाजारपेठ, तिला काटकोनात नदीकडे उतरणारे मिल स्ट्रीट आणि ब्रॉड स्ट्रीट, दोन्ही अंगांना अरुंद तोंडाचे लांबच लांब भूखंड : पुढे दुकान, मागे परसू. पेठेच्या मधोमध दुकानदारांनी मांडलेले ठेले पुढे पक्क्या घरांत बदलले आणि एका रुंद रस्त्याच्या चिंचोळ्या बोळी झाल्या. त्या आजही तशाच आहेत.

१२३३ मध्ये तिसऱ्या हेन्रीने बाजारात येणाऱ्या मालावर जकात घेऊन तट बांधण्याची परवानगी दिली. म्हणजे शहराचा तट त्याच्या व्यापारानेच उभा केला. तटाला सात वेशी होत्या. लोकरीच्या धंद्यावर येथील सावकार गबर झाले. चौदाव्या शतकात किल्ला विवाहसंबंधातून मॉर्टिमर घराण्याकडे व पुढे यॉर्क घराण्याकडे गेला. १४५९ मध्ये, इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क व लँकेस्टर घराण्यांत चाललेल्या यादवीत, यॉर्कचा ड्यूक येथून रातोरात निसटला, तेव्हा लँकेस्टर पक्षाच्या सैन्याने शहर लुटले. तट असूनही रहिवाशांचे रक्षण झाले नाही. ड्यूकचा मुलगा चौथा एडवर्ड गादीवर येताच १४६१ मध्ये त्याने शहराला सनद दिली.

लडलोचा खरा उत्कर्ष झाला तो कचेरीमुळे. वेल्स व सरहद्दीचा कारभार पाहणारे मंडळ येथे बसू लागले आणि वकील, कारकून, पक्षकार यांनी खानावळी भरून गेल्या. सातव्या हेन्रीचा मुलगा युवराज आर्थर १५०२ मध्ये याच किल्ल्यात वारला. १६८९ मध्ये मंडळ बरखास्त झाले आणि किल्ल्याला उतरती कळा लागली. १८११ मध्ये तो पोविसच्या अर्लने विकत घेतला. हा अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाला तेव्हा तो मद्रासचा गव्हर्नर होता.

किल्ला ओस पडला तरी शहर टिकले. हातमोज्यांचा धंदा वाढला, जमीनदारांनी ब्रॉड स्ट्रीटवर विटांची देखणी घरे बांधली. जुन्या वेशींपैकी ब्रॉड गेट तेवढी शाबूत आहे. तिच्या दोन बुरुजांवर अठराव्या शतकात राहते घर चढवले गेले, आणि खालच्या कमानीतून वाहने आजही ये-जा करतात.