भागानगरचा लढा आणि मराठवाड्यातले सावरकर

मराठवाड्यात सावरकरांवरून वाद पेटला की बोलणे पाच मिनिटांत अंदमानात पोहोचते. कोलू, दयेचे अर्ज, मार्सेलिसची उडी. ते सारे महत्त्वाचे आहेच. पण या मुलखाशी सावरकरांचा थेट संबंध आला तो १९३८-३९ च्या निजामविरोधी निःशस्त्र प्रतिकारात, आणि नेमके तेच पान इथे फारसे उघडले जात नाही.

आधीचे थोडक्यात. जन्म २८ मे १८८३, भगूर. १९१० मध्ये लंडनला अटक, दोन जन्मठेपा मिळून पन्नास वर्षांची शिक्षा, १९११ ते १९२१ अंदमान. ६ जानेवारी १९२४ ला सुटका झाली ती रत्नागिरी जिल्हा न सोडण्याच्या आणि राजकारण न करण्याच्या अटीवर. त्या अटी १० मे १९३७ ला उठल्या. त्याच वर्षी डिसेंबरात, अहमदाबादच्या अधिवेशनात, ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. त्यानंतर वर्षभरातच हैदराबादचे आंदोलन उभे राहिले. हैदराबादला सावरकर आग्रहाने भागानगर म्हणत.

तेव्हाचा मराठवाडा म्हणजे पाच जिल्हे: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. कारभार उर्दूत. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ या सरकारी परिपत्रकाप्रमाणे आधी परवानगी हवी. आखाडे, खासगी शाळा, मिरवणुका, सगळ्यांवर नजर. प्रजा बहुसंख्य हिंदू, पण सरकारी नोकऱ्यांत तिचा वाटा अगदी तोकडा. या गाऱ्हाण्यांबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. उपायाबद्दल मात्र तीन मते होती आणि तीन सत्याग्रह जवळपास एकाच वेळी सुरू झाले. पुढच्या बहुतेक वादांचे मूळ इथे आहे.

पहिला हैदराबाद स्टेट काँग्रेसचा. संघटना नीट स्थापन होण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये तिच्यावर बंदी आली. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानलांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला. पाठोपाठ स्वामी रामानंद तीर्थ पकडले गेले. मागणी होती निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धतीची, सर्व धर्मांच्या प्रजेसाठी. दुसरा आर्य समाजाचा. मागणी धर्मस्वातंत्र्याची: ओमचा झेंडा, हवनकुंड, प्रचार. उदगीरचे भाई श्यामलाल डिसेंबर १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात वारले (उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होते). त्याच महिन्यात सोलापूरला बापूजी अण्यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली आणि जानेवारी १९३९ पासून देशभरातून जथे येऊ लागले. तिसरा हिंदुमहासभेचा. मागणी हिंदूंच्या नागरी हक्कांची आणि नोकऱ्यांत, कायदेमंडळात लोकसंख्येच्या प्रमाणात वाट्याची. याच काळात, नोव्हेंबर १९३८ मध्ये, औरंगाबादच्या कॉलेज वसतिगृहातल्या मुलांनी वंदे मातरम् म्हणण्यावरची बंदी झुगारली, आणि ते लोण उस्मानिया विद्यापीठात गेले.

महासभेच्या तुकड्या मुख्यतः ब्रिटिश मुलखातल्या मराठी गावांत तयार होत. तुकडी हद्द ओलांडून संस्थानात शिरे, भर वस्तीत घोषणा देई आणि स्वतःहून अटक करून घेई. याच आंदोलनात पुण्याकडून गेलेल्या तुकडीत नथुराम गोडसे होता आणि त्याने हैदराबादेत तुरुंगवास भोगला. पुढे गांधीहत्येच्या खटल्यात सावरकर आरोपी झाले आणि १० फेब्रुवारी १९४९ ला पुराव्याअभावी सुटले. त्यावेळी लोकांना आठवलेल्या जुन्या दुव्यांत हाही एक होता.

तिन्ही लढे एकत्र चालल्याचा तोटा स्टेट काँग्रेसला झाला. तुमचा लढाही जातीयच आहे, असे म्हणायला निजाम सरकारला आयते कारण मिळाले. गांधीजींच्या सल्ल्याने २४ डिसेंबर १९३८ ला, बरोबर दोन महिन्यांनी, सत्याग्रह थांबला. बाकीचे दोन्ही चालू राहिले. जुलै १९३९ मध्ये निजामाने सुधारणा जाहीर केल्या. महासभेने तो आपल्या दबावाचा विजय मानून आंदोलन आवरले; आर्य समाजाने ऑगस्टमध्ये. पण त्या सुधारणांत हिंदू आणि मुसलमान यांना समसमान जागा होत्या, प्रमाणात नव्हे. स्टेट काँग्रेसवरची बंदी तर १९४६ पर्यंत उठली नाही. आमच्या मते हा विजय अर्धाच होता. तरीही भीतीने गप्प बसलेल्या गावांतून माणसे तुरुंगात जायला तयार झाली, हे श्रेय नाकारणे अन्यायाचे आहे.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. सावरकर हिंदू संस्थानांकडे हिंदू सामर्थ्याची केंद्रे म्हणून पाहत. तिथल्या प्रजेच्या हक्कांसाठी महासभेने असा लढा उभारला नाही. इथल्या मुसलमान शेतकऱ्याला, विणकराला त्या मागण्यांत जागा नव्हती. लातुरात वकिली करणाऱ्या कासीम रझवीने पुढे रझाकारांचे नेतृत्व केले आणि अनन्वित अत्याचार झाले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेडसारख्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या नोंदवल्या आहेत. १७ सप्टेंबरच्या, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकारांचे अत्याचार येतात, या कत्तली क्वचितच.

घरात आजोबांचा स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेला ताम्रपट असेल आणि ते कोणत्या सत्याग्रहात होते हे ठरवायचे असेल, तर ताम्रपट पुरत नाही. तुरुंगाचा उर्दू कागद शोधावा. त्यावर साल फसली, म्हणजे निजामी कालगणनेचे, असते. इसवीसाठी ५९० मिळवावेत. फसली साल ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून १३४८ फसली म्हणजे ऑक्टोबर १९३८ ते ऑक्टोबर १९३९. तिन्ही सत्याग्रहांतल्या बहुतेक अटका याच एका सालात पडतात आणि इथेच घोळ होतो. तेव्हा महिना पाहावा, आणि तोही सुटकेचा नव्हे, अटकेचा; काँग्रेसचे कितीतरी कैदी १९३९ मध्ये सुटले. आजूर, दै, बहमन हे पहिले तीन महिने असतील तर तिन्ही शक्यता उरतात. मग कलम आणि सोबत पकडलेल्यांची नावे ताडून पाहावी लागतात. इस्फंदार किंवा त्यापुढचा महिना असेल, तर ती अटक बहुधा आर्य समाजाच्या नाहीतर महासभेच्या तुकडीतली.