उंदीर व चिचुंद्री यांचा सागरी प्रसार (कोकण किनारा)

लहान सस्तन प्राणी जहाजातून परमुलखात पोचतात, पण तिथे टिकतात ते आपल्या सवयींच्या जोरावर. कोकण किनाऱ्यावरून असे काही प्राणी बाहेर गेले, तर काही बाहेरून आले.

काळा उंदीर (रॅटस रॅटस) मूळचा भारतीय उपखंडातलाच, त्यामुळे कोकणात त्याला उपरा म्हणणे अन्यायाचे होईल. उपरा ठरला तो परदेशात. व्यापारी जहाजांतून तो रोमन काळातच भूमध्य सागरापर्यंत पोचला. त्याचे सारे भांडवल चढण्यात आहे. धडापेक्षा लांब शेपटी तोल सांभाळते आणि धक्क्याला बांधलेल्या जहाजाचा दोर त्याला झावळीइतकाच सोपा वाटतो. म्हणूनच त्या दोरांना पत्र्याच्या चकत्या अडकवतात. बागायतदारही हाच उपाय माडाला करतो. जमिनीपासून सुमारे 2 मीटर उंचीवर खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळला, की उंदराचे पाय घसरतात. मात्र दाटीने लावलेल्या वाडीत झावळ्या एकमेकींना भिडलेल्या असतात. तिथे पत्रा असला काय, नसला काय! उंदीर शेंड्यावरच घरटे करतो, शेंड्यावरच जेवतो आणि वरच्या वर दुसऱ्या माडावर जातो. सकाळी बुंध्याशी पडलेल्या कोवळ्या नारळाला देठाजवळ गोल भोक दिसले, तर तो चोर खाली शोधू नये.

तपकिरी उंदीर (रॅटस नॉर्वेजिकस) मात्र खरा आगंतुक, मूळचा उत्तर चीन व मंगोलियाकडचा. चढण्यात तो डावा, पण बिळे खणण्यात आणि पोहण्यात पटाईत. भारतात तो मुख्यत्वे मुंबईसारख्या बंदरांच्या शहरांत, गोदामांत व गटारांत आढळतो. कोकणातल्या गावांत बिळे पोखरायला घूस आधीपासून आहेच. न्यूझीलंडच्या संशोधकांनी एका निर्जन बेटावर तपकिरी उंदराचा एकच नर मुद्दाम सोडला होता. तो 400 मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि हाती लागेपर्यंत 18 आठवडे उलटले.

चिचुंद्री (सन्कस म्युरिनस) उंदरासारखी दिसली तरी कृंतक (कुरतडणारा प्राणी) नव्हे, कीटकभक्षी आहे. ती भिंतीच्या कडेने सरपटत जाते, त्यामुळे भिंतीलगत रचलेली पोती तिच्या वाटेतच येतात. पिल्ले हलवताना पहिले पिल्लू आईच्या शेपटीचे मूळ तोंडात धरते, दुसरे पहिल्याचे, आणि साखळी न तुटता सगळे कुटुंब ओटीच्या कडेने निघून जाते. माणसांच्या जहाजांतून ही जात पूर्व आफ्रिका व मॉरिशसला गेली, 1953 साली ग्वाम बेटावरही पोचली.

उंदरांना हटवणे कठीण जाते ते त्यांच्या संशयी स्वभावामुळे. नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली, की काही दिवस ते तिला तोंड लावत नाहीत. चाखून पोट बिघडले, तर ते आमिष कायमचे टाळतात. म्हणून झटपट मारणारे विष वापरायचे असेल, तर आधी काही दिवस बिनविषारी आमिष ठेवून त्यांना सवय लावतात. ब्रोमॅडिओलोनसारखे विष उंदीर काही दिवसांनी मारते. तोवर खाल्ल्याचा आणि दुखण्याचा संबंध त्याला जोडता येत नाही.