पन्नास किलोची गाठ वीस किलोची कशी झाली?

22 सप्टेंबर 2025 ला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. चादरी, टॉवेल अशा तयार कापडी मालावर आधी नगाला 1000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यापुढे 12 टक्के कर होता. आता मर्यादा 2500 वर गेली आणि त्यापुढे 18 टक्के. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. आदल्या रात्री ‘ऑर्डर’ नावाची फाईल उघडली, 1000 शोधलं, जिथे सापडलं तिथे 2500 केलं आणि निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रान्सपोर्टमधून फोन आला. मागून हमालाचा आवाज येत होता, “वीस किलो लिहिलंय ओ ह्याच्यावर. एकदा येऊन उचलून बघा की!” गाठ होती पन्नास किलोची. टॉवेलचं वजन ग्रॅममध्ये, गाठीचं किलोत. म्हणून कोणीतरी त्याच फाईलीत 1000 ने भागलं होतं. कोणीतरी म्हणजे मीच, सात वर्षांपूर्वी. 50,000 भागिले 2500, बरोबर 20. गणित चोख होतं.

घाईत बदल केला, चूक माझीच. पण कराची मर्यादा आणि गाठीचं वजन एका फाईलीत राहतातच कशाला?

‘ऑर्डर’ हा प्रोग्रॅममधला एक क्लास. क्लास म्हणजे थोडी माहिती आणि त्या माहितीवरची कामं यांचं एक गाठोडं. माहितीच्या कप्प्यांना फील्ड म्हणतात, कामांना मेथड. ही कल्पना नॉर्वेच्या दाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला 67 या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणली. गाठोडं लहान असतं तोवर सगळं छान चालतं. मग मालक म्हणतो, ‘ट्रान्सपोर्टची बिल्टी पण ह्यातनंच निघू दे’, नंतर म्हणतो, ‘पार्टीला एसएमएस जाऊ दे’. प्रत्येक वेळी नवं काम जुन्याच क्लासमध्ये कोंबणं सोपं वाटतं. आमचा ‘ऑर्डर’ असा फुगत फुगत 2,300 ओळींचा झाला.

बाहेरून दिसणारं वागणं तसंच ठेवून आतली मांडणी सुधारायची, याला रिफॅक्टरिंग म्हणतात. 1992 मध्ये विल्यम ऑपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली. पण मोठा क्लास फोडायचा तर नेमका कुठे? बरेच जण अंदाजाने कापतात. अंदाजाची गरज नसते, शिवण आधीच तिथे असते. मला या विषयातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

कागद घ्या. प्रत्येक मेथडसाठी एक ठिपका काढा. दोन मेथड एकाच फील्डला हात लावत असतील तर त्यांच्यात रेघ ओढा. आमच्याकडच्या सहाच मेथड घेऊ. ‘एकूण रक्कम’ मालाची यादी आणि सूट वापरते. ‘कर काढ’ यादी आणि करदर वापरते, म्हणून या दोघींत रेघ. ‘बिल छाप’ करदर आणि बिल क्रमांक वापरते, तिची रेघ ‘कर काढ’शी. ‘गाठी मोज’ वजन आणि गाठींची संख्या बघते, ‘बिल्टी’ गाठींची संख्या आणि ट्रान्सपोर्टचं नाव, तिसरी रेघ. ‘एसएमएस पाठव’ला फक्त मोबाईल नंबर लागतो, ती एकटीच. आता कागद लांब धरून बघा. तिघींचं एक बेट, दोघींचं दुसरं, एकटीचं तिसरं. एका नावाखाली तीन क्लास राहत होते.

1994 मध्ये चिदंबर आणि केमेरर या संशोधकांनी हेच आकड्यात मांडलं. सहा मेथडच्या जोड्या होतात 15. त्यातल्या 3 जोड्यांत काहीतरी सामाईक आहे, 12 जोड्यांत काहीच नाही. 12 वजा 3, म्हणजे 9. हा आकडा जितका मोठा, तितका क्लासमध्ये एकजीवपणा कमी. पहिलं बेट वेगळं काढून मोजा: जोड्या 3, जुळणाऱ्या 2, न जुळणारी 1. वजाबाकी ऋण आली की शून्य धरायचं. तिघींचं घर एकजीव आहे.

खऱ्या फाईलीत मात्र पहिला कागद फसवतो. कन्स्ट्रक्टर, म्हणजे क्लासवरून एकेक प्रत्यक्ष ऑर्डर (ऑब्जेक्ट) जन्माला घालणारी मेथड, सगळ्याच फील्डना हात लावते. ती धरली की अख्खं चित्र एकच बेट होतं. म्हणून ती वगळायची. मेथड एकमेकींना हाक मारतात, तीही रेघ धरावी लागते. आणि बिल क्रमांकासारखं एखादं फील्ड सगळ्यांनाच लागत असेल, तर ते एकटंच सगळी बेटं बांधून ठेवतं. ते झाकून चित्र पुन्हा काढायचं. आलेखशास्त्रात, म्हणजे अशा ठिपके-रेघांच्या गणितात, ज्याला छेदबिंदू म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद: काढला की जोडलेलं चित्र सुटं होतं. इथे गोंधळ वाटला तर खरंच कागद-पेन्सिल घ्या, वाचून हे डोक्यात बसत नाही.

जुन्या कोडभोवती भीती फार असते. आमच्या सर्व्हरला लिंबू-मिरची टांगलेली आहे आणि ‘चालतंय ना, मग हात लावू नको’ हा तिचाच लेखी अवतार. खंडेनवमीला संगणकाची पूजा खुशाल करा, पण फाईल उघडल्याने काही बाधत नाही. उलट्या टोकाला एआयची जाहिरातबाजी. मी एका टूलला ‘ऑर्डर’ फोडायला दिला. त्याने मिनिटभरात चौदा फाईली केल्या आणि चौदाही जण प्रत्येक गोष्ट विचारायला परत ‘ऑर्डर’कडेच धावत होते. ओळी वाटल्या गेल्या, गुंता तसाच राहिला.

मी आधी जुनी दोनशे बिलं चालवून त्यांचं आउटपुट जसंच्या तसं साठवलं, चुकीच्या पैसे-राउंडिंगसकट. मग ‘गाठ’ नावाचा रिकामा क्लास केला. वजनाचं फील्ड हलवलं, दोनशे बिलं पुन्हा चालवली, ताळा केला. मग ‘गाठी मोज’ हलवली, पुन्हा ताळा. जुन्या जागी एक ओळ ठेवली, जी आलेलं काम नुसतं पुढे सरकवते, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमला घर बदलल्याचं कळतसुद्धा नाही. जॅकार्डच्या मागावर चादरीची नक्षी बदलायला माग मोडावा लागत नाही, पंचकार्डांची माळ बदलतात. कराचा नियम मला तसा हवा होता. आता 2500 करदराच्या क्लासमध्ये ‘मर्यादा’ या नावाने एकदाच आहे आणि ग्रॅमचा 1000 ‘गाठ’मध्ये.

एसएमएसचं बेट अजून जुन्या घरातच आहे. त्याचा मजकूर वेगळ्या फाईलीत, आणि तिथे कोणीतरी बिलाची रक्कम पुन्हा स्वतःच काढलीय, कर धरून. यावेळी तो कोणीतरी मी नाही, पण त्यात 1000 तीनदा आहे.