हेलडायव्हर्स २: मिशनची डिफिकल्टी वेगळी, युद्धाची वेगळी

हेलडायव्हर्स २ हा परग्रहांवरच्या शत्रूंशी मिळून लढायचा ऑनलाइन गेम. तो खेळणाऱ्यांमध्ये दोन तक्रारी कायम ऐकू येतात. एकाचं म्हणणं, गेम आता फार सोपा झालाय, दहाव्या, सगळ्यात वरच्या डिफिकल्टीवरही घाम फुटत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, आठवडाभर लढतोय, तरी ग्रह किती जिंकला हे दाखवणारा बार जागचा हलत नाही. दोघंही खरं बोलतात, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. चार जणांच्या स्क्वॉडला मिशन किती जड जातं हे एक. लाखो खेळाडूंनी मिळून ग्रह जिंकणं किती जड जातं हे दुसरं. पहिल्याचा आकडा आपण स्वतः निवडतो, दुसऱ्याचा गेम बनवणाऱ्या ॲरोहेडचा सर्व्हर ठरवतो. या दोन्हींची गल्लत झाली की वाद सुरू होतो.

या सगळ्याचं मूळ २०१५ च्या पहिल्या हेलडायव्हर्समध्ये आहे. स्टॉकहोमच्या ॲरोहेड गेम स्टुडिओजने केलेला तो गेम वरून दिसणारा होता. बग्ज, सायबॉर्ग्ज आणि इल्युमिनेट असे त्यात तीन शत्रू होते. डिफिकल्टीच्या १२ पायऱ्या होत्या, पुढे त्या १५ झाल्या. सगळ्यांचं युद्ध तेव्हाही सामायिक होतं, पण ते संपायचं. सुपर अर्थ, म्हणजे खेळाडूंच्या बाजूची पृथ्वी, जिंकायची किंवा हरायची आणि मग नवं युद्ध सुरू व्हायचं. हरणं हा त्या गेमचा भागच होता, त्यामुळे प्रगती पुसली गेल्याचं कुणाला फारसं दुःख नव्हतं.

दुसरा भाग ८ फेब्रुवारी २०२४ ला पीएस ५ आणि पीसीवर आला आणि गर्दीने सर्व्हर कोलमडले. एका वेळच्या खेळाडूंची मर्यादा आधी साडेचार लाखांवर ठेवावी लागली, नंतर ती सात लाखांवर नेली. या भागात युद्ध संपत नाही. ते जोएल नावाचा गेम मास्टर आणि त्याच्या सोबतची टीम चालवते. कुठल्या ग्रहावर हल्ला करायचा, मेजर ऑर्डर (सगळ्या खेळाडूंना मिळून दिलेलं लक्ष्य) काय द्यायची, शत्रूची ताकद किती ठेवायची, हे सगळं त्यांच्या हातात असतं.

आता हिशेब. मुक्त करायच्या ग्रहाची 'तब्येत' साधारणपणे १० लाख पॉइंट धरलेली असते. स्क्वॉडने ऑपरेशन, म्हणजे मिशनचा एक संच, पूर्ण केलं की त्यातून काही पॉइंट कमी होतात. त्याच वेळी शत्रू दर तासाला ठरावीक टक्के तब्येत भरून काढत असतो. समजा हा दर तासाला १.५ टक्के आहे. म्हणजे तासाला १५,००० पॉइंट परत येणार. सगळ्या खेळाडूंनी मिळून तासाला १.८ टक्के काम केलं, तर निव्वळ प्रगती फक्त ०.३ टक्के होते आणि पूर्ण ग्रह घ्यायला साधारण १४ दिवस लागतात. तेच काम २.५ टक्क्यांवर गेलं, तर १०० तासांत, म्हणजे चार दिवसांहून थोडं जास्त वेळात, ग्रह हातात. आणि काम १.५ च्या खाली राहिलं, तर हजारो लोक रात्रभर लढूनही बार मागेच सरकतो. बार हलत नाही म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा याचंच उत्तर हवं असतं.

त्यात आणखी एक गुणक आहे. एका ऑपरेशनचं वजन त्या वेळी ऑनलाइन असलेल्या एकूण खेळाडूंच्या प्रमाणात कमी-जास्त होतं. त्यामुळे शनिवारी रात्री खेळाडू दुप्पट झाले, तरी वेग दुप्पट होत नाही. एकूणपैकी किती टक्के लोक त्या ग्रहावर आहेत, त्यावर वेग ठरतो. ही रचना मला न्याय्य वाटते, कारण खेळाडू कमी झाले तरी युद्ध चालू राहतं. पण तिचा एक कडवट परिणाम आहे. मेजर ऑर्डर ऑटोमेटॉन्सच्या, म्हणजे शत्रू रोबोंच्या, ग्रहावर असताना निम्मे लोक बग्ज मारत बसले, तर ते नुसते तटस्थ राहत नाहीत, ऑर्डर पाळणाऱ्यांचं वजनही त्यांच्यामुळे घटतं. 'बगडायव्हर' विरुद्ध बाकीचे हे भांडण त्यातूनच निघालं.

स्क्वॉडच्या हातात काय उरतं? ऑपरेशन पूर्ण करणं. डिफिकल्टी ५ पासून पुढे ऑपरेशन तीन मिशनचं असतं. दोन मिशन जिंकून तिसरं सोडून दिलं, तर ग्रहाच्या खात्यात काहीच जमा होत नाही. वरच्या डिफिकल्टीला वजन जास्त मिळतं हे खरं. पण दहावर तिसऱ्या मिशनमध्ये सगळ्या रीइन्फोर्समेंट (मेलेल्यांच्या जागी येणारी कुमक) संपवून हरणाऱ्या स्क्वॉडपेक्षा सातवर सलग ऑपरेशन पुरी करणारा स्क्वॉड युद्धाला जास्त उपयोगी असतो. एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते: मुख्य उद्दिष्ट पूर्ण झालं की परत न्यायला येणाऱ्या पेलिकन यानात कुणी चढलं नाही तरी मिशन जिंकलेलं धरतात. तेव्हा फक्त गोळा केलेले सॅम्पल जातात.

डिफिकल्टीवरचा पहिला मोठा भडका ६ मार्च २०२४ च्या पॅचने उडाला. तोवर वरच्या पातळ्यांवर जवळपास प्रत्येकाकडे रेलगन, ब्रेकर शॉटगन आणि शील्ड बॅकपॅक दिसायचं. त्याचं कारण चार्जर. अंगावर धावून येणाऱ्या त्या प्राण्याच्या पुढच्या पायावर रेलगनचे दोन नेम लागले की कवच निघायचं आणि उघड्या मांसावर साध्या बंदुकीने काम व्हायचं. पॅचने रेलगनची सेफ मोडमधली कवच भेदण्याची ताकद कमी केली, ब्रेकरचं मॅगझिन १६ वरून १३ वर आणलं आणि शील्डही अशक्त केली. चार्जर मात्र तितकेच येत राहिले. चिडायला हेच पुरेसं होतं: हत्यार काढून घेतलं, पण ते ज्यासाठी लागत होतं ती अडचण तशीच राहिली.

युद्धाच्या बाजूलाही तेव्हा गोंधळच होता. ग्रहांना जोडणाऱ्या सप्लाय लाइन्स सुरुवातीला नकाशावर दिसतच नव्हत्या. द्राउप्नीर ग्रह हातचा गेला की उबानिया ग्रहावर उतरायची वाट बंद होते, हे माहीत नसलेले लोक मागचा ग्रह सोडून पुढच्यावर गर्दी करत. ही माहिती खेळाडूंनीच सर्व्हरचा डेटा वाचून बाहेर काढली आणि नकाशे बनवले. डिफेन्सचा 'गॅम्बिट' डावही त्यातूनच रुळला: आपल्या ग्रहावर हल्ला झाला, तर घड्याळाशी झुंजत तो वाचवण्याऐवजी हल्ला जिथून निघाला तो ग्रहच घ्यायचा. तो पडला की स्वारी आपोआप संपते. पण लोक दोन्हीकडे अर्धे अर्धे विभागले गेले, तर दोन्ही ग्रह जातात, आणि असं बरेचदा झालं आहे.

एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला मॅलेव्हलॉन क्रीक हा ग्रह परत मिळाला आणि काही दिवसांतच ऑटोमेटॉन्स नकाशावरून पुसले गेले. आठवडाही उलटला नाही, तोच त्यांचा मोठा ताफा परत आला. आपण जिंकलेल्याला अर्थ आहे की सगळं आधीच लिहून ठेवलंय, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागला आहे. माझ्या मते निकाल अनेकदा खेळाडूंचा असतो, पण पुढचा डाव गेम मास्टरचा असतो. मेमध्ये व्हर्नेन वेल्स ग्रहावरची मुलं वाचवायची की चूहे नावाचा ग्रह घेऊन रणगाडाविरोधी सुरुंग मिळवायचे, अशी निवड दिली होती. खेळाडूंनी मुलं निवडली, सुरुंग सोडले.

६ ऑगस्ट २०२४ ला 'एस्कलेशन ऑफ फ्रीडम'सोबत दहावी पातळी, सुपर हेलडाइव्ह, आली. त्याच अपडेटने फ्लेमथ्रोअरची चार्जरवरची धार गेली, इन्सेंडिअरी ब्रेकरची मॅगझिनं सहावरून चारवर आली, आणि दोनच दिवसांनी आगीच्या हत्यारांचा वॉरबाँड (नव्या सामानाचा संच) विक्रीला आला. नाराजी इतकी वाढली की स्टुडिओने ६० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम जाहीर केला. १७ सप्टेंबरच्या पॅचने हत्यारं सरसकट बलवान झाली. रिकॉइललेस रायफलचा एक गोळा नेमका डोक्यात बसला की बाइल टायटन हा महाकाय बग आडवा होऊ लागला. सोपेपणाची तक्रार तिथून सुरू होते. ग्रहांचा वेग मात्र त्याने फारसा बदलला नाही, कारण तो लोक कुठे आहेत आणि शत्रूचा दर काय ठेवलाय यावरच अवलंबून आहे.

१२ डिसेंबर २०२४ ला इल्युमिनेट परतले आणि २० मे २०२५ ला थेट सुपर अर्थवर उतरले. सात महानगरांपैकी पाच पडली. शांघायच्या जागी असलेलं इक्वॅलिटी-ऑन-सी चिनी खेळाडूंनी जिद्दीने धरून ठेवलं, आणि प्रॉस्पेरिटी सिटीही टिकली. संख्या एकाच ठिकाणी लागली तर काय होतं, ते तिथे उघड दिसलं.

२६ ऑगस्ट २०२५ ला गेम एक्सबॉक्सवर आला आणि नव्या खेळाडूंची लाट त्याच युद्धात मिसळली. नवखे सहसा खालच्या डिफिकल्टीवर आणि बग्जच्या ग्रहांवर सुरुवात करतात, त्यामुळे मेजर ऑर्डरच्या ग्रहावरची टक्केवारी त्या काळात आणखी पातळ होते.